धूळपाटी, तक्ता आणि कुलूप : इंग्रजीच्या वर्गातील साधनांचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमतो, त्यांनी या बडोदे नगरीत मराठी मुलांना इंग्रजी शिकविण्यात आयुष्य वेचले. त्यांच्या स्मृतीला साजेसा विषय शोधताना मेकॉलेचे १८३५ चे टिपण, वुडचा १८५४ चा खलिता, वाघिणीचे दूध असे थोर विषय डोळ्यांपुढे आले. त्यांवर पुष्कळ बोलले गेले आहे. मी आज एका लहान विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. इंग्रजीच्या तासाला शिक्षकाच्या हाताशी कोणते सामान असते, ते कोठून आले, आणि ते केव्हा हाताशी राहिले व केव्हा कपाटात गेले, हा तो विषय होय.

विषय लहान असला तरी क्षुल्लक नाही. आपल्या शाळेतील मूल घरी मराठी बोलते, गल्लीत गुजराती बोलते, चित्रपटगृहात हिंदी ऐकते. इंग्रजी शब्द त्याला आज दुकानांच्या पाट्यांवर आणि मोबाइलवर ढिगाने दिसतात. परंतु कोणी आपल्याला उद्देशून इंग्रजीत काही विचारीत आहे आणि आपण त्याचे उत्तर द्यावयाचे आहे, असा प्रसंग त्याला बहुधा वर्गातच लाभतो. त्या पस्तीस-चाळीस मिनिटांत बोलण्यासारखे काही त्याच्यासमोर नसेल, तर भाषा पुस्तकातच राहते. म्हणून साधनांचा हा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो.

चित्र आणि धूळ

परकी भाषा वस्तूंच्या आधाराने शिकवावी, हा विचार फार जुना आहे. मोराव्हियातील शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस याने १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे ‘ऑर्बिस पिक्टुस’ हे सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. प्रत्येक पाठाच्या आरंभी एक चित्र, चित्रातील वस्तूंना क्रमांक, आणि खाली त्याच क्रमांकांनी जोडलेली लॅटिन व जर्मन वाक्ये, अशी त्याची मांडणी होती. दुसऱ्याच वर्षी चार्ल्स हूल याने त्याचे इंग्रजी रूप काढले आणि पुढे चौभाषी आवृत्त्याही निघाल्या. यातील मर्म ध्यानी घेण्याजोगे आहे. चित्र तेच राहिले, शेजारची भाषा बदलत गेली. एका भाषेसाठी तयार केलेले साधन दुसऱ्या भाषेला सहज उपयोगी पडले, कारण ते कोणत्याच भाषेला बांधलेले नव्हते.

दुसरे उदाहरण तर आपल्याच भूमीतले आहे. अँड्र्यू बेल हा धर्मोपदेशक १७८९ पासून मद्रास येथील सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेचा अधीक्षक होता. मलबारी मुलांच्या एका शाळेत मुले जमिनीवर वाळू पसरून तीत बोटाने अक्षरे काढीत असल्याचे त्याने पाहिले. त्याने ती रीत आपल्या शाळेत आणली, पुढे गेलेल्या मुलांनी मागच्यांना शिकवावे अशी व्यवस्था लावली आणि १७९७ साली लंडनमध्ये त्यासंबंधी पुस्तिका प्रसिद्ध केली. त्यानंतर बेल व जोसेफ लँकेस्टर यांच्या शाळा इंग्लंडभर पसरल्या. लंडनच्या गरीब वस्त्यांतील हजारो मुलांनी आपली मातृभाषा असलेल्या इंग्रजीची पहिली अक्षरे वाळूच्या पाटावर गिरविली. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत धुळाक्षरे चालत, ती धूळपाटी आणि ही वाळू एकाच कुळातील. इंग्रजी शिकण्यासाठी आपण विलायतेकडे पाहत होतो, त्याआधीच विलायतेने इंग्रजी लिहिण्याचे एक साधन आपल्याकडून नेले होते, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे.

लँकेस्टरने आणखी एक युक्ती केली. प्रत्येक मुलाला पुस्तक देणे परवडत नाही, म्हणून पुस्तकाची पाने मोठ्या अक्षरांत छापून ती भिंतीवर टांगावीत आणि मुलांनी अर्धवर्तुळात उभे राहून वाचावीत. एका प्रतीवर अख्खी शाळा शिकू लागली. मुंबईत १८२० नंतरच्या दशकात नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने मराठी व गुजराती शाळांसाठी हीच पद्धत स्वीकारली. आपल्या वर्गातील तक्त्याचे मूळ असे काटकसरीत आहे. त्याच सुमारास एडिंबरो येथील हायस्कूलचे प्रमुख जेम्स पिलन्स भूगोलाच्या तासाला भिंतीवरचा फळा आणि रंगीत खडू वापरीत असत. वाळू, तक्ता, फळा ही तिन्ही साधने स्वस्त होती; वाळू आणि फळा पुसून पुन्हा वापरता येत होते, आणि त्यांच्यावर काय लिहावयाचे हे शिक्षकाच्या मर्जीवर होते. दोनशे वर्षांनंतर यांपैकी फळा अद्याप उभा आहे, यामागे हेच कारण असावे.

भाषांतराचे शतक

महाराष्ट्रात मात्र इंग्रजीचे अध्यापन पुढे दीर्घकाळ साधनांवाचून चालले. मोल्सवर्थचा १८३१ चा मराठी-इंग्रजी कोश, कँडीचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश आणि नंतर घरोघरी पोहोचलेली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला यांनी मराठी माणसाला इंग्रजी दिले. या परंपरेला मी नावे ठेवणार नाही. तिने वकील, न्यायाधीश, संपादक आणि उत्तम प्राध्यापक निर्माण केले. तिला फळा आणि पुस्तक यांपलीकडे काही लागत नसे, कारण प्रत्येक इंग्रजी वाक्याचा अर्थ मराठी वाक्यात मिळत होता. उणीव एवढीच की, ज्याची मराठी पक्की आणि स्मरणशक्ती तल्लख, त्यालाच ती मानवत असे. मागच्या बाकावरील मुलाच्या हाती रूपे आणि नियम येत. त्यांनी बोलायचे काय, हे त्याला उमगत नसे.

युरोपात व्हिल्हेल्म फीटोरच्या १८८२ च्या पत्रकाने या पद्धतीविरुद्ध बंड झाले आणि प्रत्यक्ष पद्धत पुढे आली. मातृभाषा मध्ये न आणता वस्तू दाखवावी, कृती करावी आणि इंग्रजीतच बोलावे, हे तिचे सूत्र. मुंबई इलाख्यात तिचा पुरस्कार करणाऱ्यांत पी. सी. रेन हे शिक्षणखात्यातील अधिकारी होते. भारतीय शाळांतील इंग्रजीच्या प्रत्यक्ष अध्यापनावर त्यांनी १९११ साली पुस्तक लिहिले. दैवगती अशी की, आज भारतात रेन यांचे नाव निघते ते मार्टिन यांच्यासह लिहिलेल्या व्याकरणाच्या जाडजूड पुस्तकामुळे. वस्तू दाखवून शिकवा म्हणणारे रेन विस्मृतीत गेले आणि नियम पाठ करा असे जणू सांगणारे रेन घरोघरी राहिले. यात रेन यांचा दोष नाही. पुस्तक छापून वाटता येते. दररोज पिशवीतून वस्तू आणून वर्गात मांडण्याची सवय छापता येत नाही.

बडोद्याचा प्रयोग

याच काळात आपल्या बडोदे संस्थानात एक विलक्षण उपक्रम चालू होता. बाराव्या वर्षी दत्तक येऊन मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा भाषा एकदम शिकाव्या लागलेल्या सयाजीराव महाराजांना शिकण्यातील अडचणी स्वानुभवाने ठाऊक होत्या. १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालास बोलावून ग्रंथालय खाते उभारले. त्या खात्यात दृश्यशिक्षणाची स्वतंत्र शाखा होती. तिच्यातर्फे जादूचा कंदील, स्टिरिओस्कोप आणि चलत्चित्रे गावोगाव दाखविली जात. फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या खेड्यापाड्यांत जात. ज. स. कुडाळकरांनी या चळवळीचा वृत्तांत १९१९ साली पुस्तकरूपाने लिहून ठेवला आहे.

या उपक्रमातील दोन साधनांची तुलना मला उद्बोधक वाटते. जादूच्या कंदिलाला अंधार लागतो, चालविणारा जाणकार लागतो, काचा जपाव्या लागतात. अंधारात प्रेक्षक पाहतो व ऐकतो. शिक्षकाला त्याचा चेहरा दिसत नाही आणि त्याचे ओठ हलतात की नाही हेही कळत नाही. लोकशिक्षणासाठी कंदील उत्तम होता, भाषेच्या तासासाठी तितका नव्हे. पेटीचे तसे नाही. ती जाईल तेथे उघडते, तिच्यातले जिन्नस हाती घेता येतात, आणि पुढच्या गावासाठी त्यांची अदलाबदल करता येते. इंग्रजीच्या शिक्षकाने बडोद्याकडून घ्यावयाचा धडा कंदिलाचा नसून पेटीचा आहे, असे माझे मत आहे.

थोड्या वेळात काय शिकवावे

ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात काम करणारे मायकेल वेस्ट यांनी १९२६ च्या आपल्या ग्रंथात विम्याच्या व्यवहारातील एक शब्द शिक्षणात आणला. पॉलिसी मध्येच सोडणाऱ्यालाही काही सरेंडर व्हॅल्यू मिळते. तशी मध्येच शाळा सोडणाऱ्या मुलाच्या पदरी त्याने शिकलेल्या इंग्रजीची काही किंमत पडली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. वेस्ट यांचा भर वाचनावर होता. परंतु त्यांचा प्रश्न सर्वांनाच लागू आहे.

आपल्याकडे तो स्वातंत्र्यानंतर फारच तीव्र झाला. मुंबई राज्यात इंग्रजीचा आरंभ आठवीपर्यंत पुढे ढकलला गेला. १९४९ साली बडोदे संस्थान त्या राज्यात विलीन झाले. १९६० साली गुजरात वेगळा झाल्यावर तर इंग्रजी पाचवीपासून की आठवीपासून, यावर येथे मोठा वाद पेटला. निर्णय कोणताही असो, शिक्षकाच्या वाट्याला आली ती थोडी वर्षे आणि मोठी मुले. तेरा वर्षांच्या मुलाला बालवाडीची चित्रे दाखविली तर ते हसते, आणि नियम सांगितले तर कंटाळते.

हैदराबाद येथे १९५८ साली केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली. तिचेच २००७ साली विद्यापीठ झाले. अशा संस्थांतून वाक्यरचनांवर आधारलेली पद्धत देशभर पसरली. एक रचना घ्यावी, ती प्रसंगातून दाखवावी, मुलांकडून अनेक वाक्यांत घोटून घ्यावी. माझ्या पिढीचे शिक्षक या पद्धतीत तयार झाले. बी.एड.च्या पाठासाठी आम्ही रात्र रात्र जागून तक्ते रंगविले, खादीफलकावर चिकटणारी चित्रे कापली. पाठ झाला, निरीक्षकांनी शेरा दिला, आणि तो सुरेख तक्ता गुंडाळून माळ्यावर गेला. त्यावर आंब्याचे झाड आणि त्याखाली बसलेला मुलगा होता. आणखी कशासाठीही तो चालण्यासारखा नव्हता.

नंतर नोकरीत रुळल्यावर ज्येष्ठ सहकाऱ्यांकडून जे पाहिले, ते वेगळेच होते. त्यांच्या पिशवीत खडूचे तुकडे, चिंचोके, सुतळी, जुन्या कॅलेंडरांची पाने आणि लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर लिहिलेल्या शब्दपट्ट्या असत. या कवडीमोल वस्तूंनी काय साधते, याचे एक-दोन दाखले देतो.

मराठीत उपपद नाही. ‘अ’ आणि ‘द’ यांतील भेद कितीही समजावला तरी मुलाला तो मनमानी वाटतो. टेबलावर पाच चिंचोके ठेवावेत आणि ‘अ सीड’ मागावा. मूल कोणताही एक देते. तो वेगळा ठेवून, एका बाजूला बोट न दाखवता, ‘द सीड’ मागावा. आता कोणता द्यावयाचा याविषयी वर्गात कोणालाच शंका राहत नाही. तेच चिंचोके पेटीत, पेटीवर, पेटीखाली ठेवले की आपल्या शब्दाच्या शेवटी लागणारी गोष्ट इंग्रजीत शब्दाच्या आधी येते, हे हातांनी कळते. तीन लांबींचे खडू ‘लाँग’, ‘लाँगर’, ‘लाँगेस्ट’ शिकवितात. कागदाची अरुंद पट्टी ओठांसमोर धरून इंग्रजी ‘पेन’ नीट उच्चारला तर पट्टी हलते, आपला मराठी ‘प’ उच्चारला तर ती जवळजवळ स्थिर राहते. हातआरशात पाहिले म्हणजे ‘व्हेरी’ म्हणताना खालच्या ओठाला दात लागतात आणि ‘वेल’ म्हणताना ओठांचा चंबू होतो, हा आपल्या एकाच ‘व’मध्ये लपलेला भेद मुलाला स्वतःलाच दिसतो.

जगभर हाच शोध पुन्हा पुन्हा लागला आहे. बेल्जियममधील शिक्षक जॉर्ज क्विझनेअर यांनी गणितासाठी रंगीत लाकडी कांड्या तयार केल्या. केलब गॅटेग्नो यांनी त्याच कांड्या भाषेच्या वर्गात नेल्या आणि १९६३ साली आपली ‘मूक पद्धत’ मांडली. शिक्षक कमीत कमी बोलतो, कांड्या मांडतो, आणि मुले बोलतात. कांडी ही आज पेन्सिल असते, उद्या माणूस, परवा रस्ता. तिच्यावर काहीच रंगविलेले नसल्यामुळे ती काहीही होऊ शकते. आपल्या शिक्षकांचा खडूचा तुकडा यापेक्षा निराळे काय करीत होता?

कुलपाची गोष्ट

इतके असूनही शाळांत साधनांची उणीव का भासत राहिली? माझ्या मते तिचे कारण दारिद्र्याइतकेच हिशेबात आहे.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७-८८ पासून ‘खडू-फळा मोहीम’ सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि अध्यापन-साहित्य मिळावे, हा तिचा हेतू स्तुत्य होता आणि अनेक शाळांना त्यामुळे पहिल्यांदाच काही मिळाले. पण पुढे मी ज्या शाळांना भेटी दिल्या, त्यांपैकी एकीत हे साहित्य मूळ वेष्टनात पाहिले. मुख्याध्यापकांना कारण विचारता त्यांनी डेडस्टॉक रजिस्टर पुढे केले. वस्तू नोंदीप्रमाणे मोजून दाखवावी लागते. फुटली तर खुलासा द्यावा लागतो. निवृत्तीच्या वेळी एक नग कमी भरला तर कागद अडतात. कपाट उघडण्यात धोका होता, बंद ठेवण्यात काहीच नव्हता. त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. टेपरेकॉर्डर आला तेव्हा हेच झाले, भाषा-प्रयोगशाळेच्या कानफोन्सचे हेच झाले, आणि एखाद्या संगणक-कक्षाच्या दारावरील कुलूप आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल.

याउलट दोन गोष्टी नमूद करावयास हव्यात. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतील काही साध्या शाळांत एक प्रयोग केला. रचना घोटण्याऐवजी मुलांना सोडवावयास प्रश्न द्यावेत, भाषा ओघाने येईल, असे त्यांचे गृहीतक होते. रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा, अशा गोष्टींवर प्रश्न असत. साहित्य फळा, खडू, कागद आणि पेन्सिल एवढेच. कारण सामान्य शाळेत जे नाही त्यावर उभारलेली पद्धत सामान्य शाळेत टिकणार नाही. जागतिक कीर्ती मिळालेला हा प्रयोग कोणत्याही यंत्रावाचून झाला. आपले गाव तर रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. मुंबईची गाडी कोणती आणि सुरतेला ती केव्हा पोहोचते, हा प्रश्न आपल्या मुलाला शिकविण्याचा वाटत नाही, खरा वाटतो.

दुसरी गोष्ट सरकारी आहे. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आणि २००१ नंतरचे सर्व शिक्षा अभियान यांत प्रत्येक शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळत. रक्कम अल्प, परंतु ती शिक्षकाच्या हाती पडे आणि त्यातून पुठ्ठा, कागद, रंग, दोरा अशा संपणाऱ्या वस्तू घेता येत. ‘हे वापरून संपवा’ असे शासनाने शिक्षकाला सांगण्याचा हा दुर्मीळ प्रसंग होता. पुढे ते अनुदान वेगळे राहिले नाही, याची मला खंत वाटते.

आपल्यापुढील प्रश्न

आज वर्गांत डिजिटल फलक येत आहेत. मी त्यांच्या विरुद्ध नाही. मुलांना खरे उच्चार ऐकविणारे असे साधन गुरुजींच्या काळी असते, तर त्यांना आनंदच झाला असता. परंतु इतिहासाने हाती दिलेली कसोटी त्यालाही लावावी. हे साधन शिक्षकाला हवे तेव्हा हाती येते का? ज्यासाठी आणले त्याहून वेगळ्या कामालाही ते लागते का? आणि ते झिजविण्याची, प्रसंगी मोडण्याचीही शिक्षकाला मुभा आहे का? धूळपाटी, तक्ता, फळा, खडू या तिन्ही कसोट्यांना उतरले. कंदील आणि टेपरेकॉर्डर पहिल्या किंवा तिसऱ्या कसोटीला अडले.

माजी विद्यार्थ्यांनो, येथे मला आपल्याशी मोकळेपणाने बोलावयाचे आहे. आपण शाळेवरील प्रेमापोटी देणग्या देता. यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते. खडूच्या पेटीवर आणि पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यावर ते कोरता येत नाही, आणि वर्षअखेरीस ती देणगी दिसेनाशीही होते. परंतु दिसेनाशी होणे हेच तिचे सार्थक आहे. महाराष्ट्राबाहेरील मराठी माध्यमाचे वर्ग गेल्या काही दशकांत कसे रोडावले, हे आपण जाणता. पालक मूल काढून नेतात तेव्हा कारण बहुधा एकच सांगतात : येथे इंग्रजी येत नाही. या तक्रारीचे उत्तर भाषणांनी देता येणार नाही. मराठीतून शिकणाऱ्या मुलाला इंग्रजीत प्रश्न विचारता येतो आणि उत्तर देता येते, हे घरी गेल्यावर दिसले पाहिजे.

म्हणून माझी संस्थेला एक नम्र सूचना आहे. प्रत्येक वर्गात इंग्रजीसाठी एक उघडी पेटी असावी. तीत चिंचोके, सुतळी, कोऱ्या पट्ट्या, जुनी कॅलेंडरे, पुठ्ठ्याचे घड्याळ, हातआरसा, शहराचा नकाशा, एखादी हातबाहुली असावी. तिची नोंद डेडस्टॉकमध्ये न करता खपाच्या खात्यात करावी. ती दर सत्राच्या आरंभी भरावी, आणि सत्रअखेरीस ती भरलेलीच राहिली तर मात्र शिक्षकाला कारण विचारावे. आजवर आपण वस्तू हरवल्याचा खुलासा मागत आलो. यापुढे ती न वापरल्याचा मागून पाहू. यास लागणारा खर्च एका यंत्राच्या वार्षिक दुरुस्तीहूनही कमी येईल.

गुरुजींच्या स्मृतीला पुतळा नको, तैलचित्र नको. त्यांच्या शाळेतील कोणत्याही वर्गात इंग्रजीचा तास चालू असताना ती पेटी टेबलावर उघडी दिसावी, एवढीच माझी इच्छा आहे.